आकडा यंत्राचा, चित्र कोणाचे?

संपादक महोदय,

गर्भारपणाच्या ११ आठवडे ते १३ आठवडे ६ दिवसांच्या सोनोग्राफीत कृत्रिम बुद्धिमत्ता आली की तपासणी अचूक होईल, असे म्हटले जाते. ते अर्धेच खरे. गुणसूत्रदोषाची जोखीम काढण्यासाठी लागणारी, बाळाच्या मानेमागील पारदर्शक थराची (एनटी) जाडी ही प्रणाली झटपट मोजते. दोन तपासनिसांच्या मोजमापातला फरकही घटतो. पण खोट बहुधा चित्रातच असते.

बाळाची डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी ४५ ते ८४ मिलिमीटर, छेद नेमका मध्यरेषेवरचा आणि मान सरळ हवी. मान मागे ताणलेली असेल तर आकडा ०.६ मिलिमीटरने फुगू शकतो. हनुवटी छातीशी टेकली की तो ०.४ मिलिमीटरने घटू शकतो. गेन (चित्राचा उजळपणा) जास्त ठेवला तर थराच्या कडेच्या रेषा जाड दिसून थर पातळ भासतो. गर्भावरणालाच त्वचा समजणे ही तर नेहमीची चूक. बाळ हलून त्वचा आणि आवरण या दोन्हींच्या रेषा वेगळ्या दिसेपर्यंत थांबायचे, एवढाच उपाय. गर्दीत नेमके तेच राहून जाते.

म्हणून चांगल्या प्रणालीने आधी सदोष चित्र नाकारावे. नाकाचे टोक किंवा टाळू दिसत नसेल तर मोजमापच अडवावे. स्थूल गर्भवतींच्या धूसर चित्रांवर आणि जुन्या यंत्रांवर ती तपासली आहे का, हे खरेदीपूर्वी विचारावे. एनटीचा आकडा म्हणजे निदान नव्हे, हे अहवालात स्पष्ट छापावे. त्यावरून, आईचे वय आणि तिच्या रक्तातील पॅप-ए व बीटा एचसीजी या द्रव्यांचे प्रमाण धरून, फक्त जोखीम निघते. गुणसूत्रदोषाची खात्री वारेच्या पेशींच्या किंवा गर्भजलाच्या तपासणीनेच होते.

– एक सोनोलॉजिस्ट