फेऱ्यांच्या जोडीला तोलही हवा

महोदय,

ठाण्यातला कचराळी तलाव, तलावपाळी, उपवन. कुठेही पहाटे जा, फेऱ्या मारणारे ज्येष्ठ भेटतातच. पाच फेऱ्या झाल्या की आजचा व्यायाम उरकला, ही समजूत मात्र घात करते. चालणे हृदयाला आणि साखरेला चांगलेच, पण पडणे टाळायला नुसते चालणे पुरत नाही. पाय अडखळला की सावरायला मांड्या, पोटऱ्या आणि तोल लागतो आणि सपाट ट्रॅकवर सरळ चालताना त्या तोलाचा कस लागतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत ६५ वर्षांपुढच्या माणसांसाठी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणारे व्यायाम वेगळे सांगितले आहेत.

त्यासाठी घरातली उत्तम जागा म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. कमरेएवढा उंच आणि जागचा न हलणारा. सिंकपासून लांब, कोरड्या लादीवर उभे राहावे. पायपुसणे उचलावे, मोजे काढावेत, मागे एक खुर्ची ठेवावी.

आधी खुर्चीतून उठणे. खुर्ची दणकट आणि तिची पाठ भिंतीला टेकलेली हवी. प्लॅस्टिकची हलकी किंवा चाकांची नको. पुढच्या कडेशी सरकून बसावे, पावले गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यावीत, नाक पायाच्या बोटांवर येईल इतके पुढे वाकावे आणि हात न टेकता उठावे. बहुतेकांचे चुकते ते बसताना. धपकन बसले की मांडीच्या स्नायूंना कामच उरत नाही. चार अंक मोजत सावकाश बसावे. आधी पाच वेळा, जमू लागले की दहा.

मग ओट्याला बोटे टेकवून दहा वेळा टाचा उचलाव्यात, नंतर टाचांवर राहून दहा वेळा चवडे. दुसरा प्रकार सगळे टाळतात, पण उंबरठ्याला किंवा उखडलेल्या पेव्हर ब्लॉकला अंगठा अडतो तो अनेकदा नडगीचा स्नायू दुबळा झाल्याने.

खरी कसोटी उभे राहण्याची. आधी पावले जोडून, मग एक पाऊल अर्धे पुढे, मग एकाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावून, शेवटी एका पायावर. हात न लावता दहा सेकंद स्थिर राहता आले तरच पुढची पायरी घ्यावी. टाच-अंगठा स्थितीत दहा सेकंद जमत नसतील, तर पडण्याचा धोका वाढलेला आहे असे समजून डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवावे. इथे दोन चुका हमखास होतात. ओटा मुठीत धरला की भार हातांवर जातो आणि पाय काही शिकत नाहीत. नजर पावलांवर ठेवली की डोके झुकते आणि अंग पुढे कलंडते. समोरच्या एखाद्या डब्यावर नजर ठेवावी, श्वास कोंडू नये.

डोळे मिटून एकट्याने काहीही करू नये. तोल डोळे, आतला कान आणि तळपायाची जाणीव या तिघांवर उभा असतो. मधुमेहाने तळपाय बधिर झाले असतील तर भिस्त डोळ्यांवर येते. म्हणूनच अशी माणसे रात्री अंधारात बाथरूमला जाताना पडतात. पलंगापासून मोरीपर्यंत मंद दिवा हवाच. उठताना चक्कर येत असेल तर पलंगाच्या कडेला मिनिटभर बसून पावले वर-खाली हलवावीत आणि रक्तदाबाच्या व झोपेच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोलावे. आधी पडलेल्यांनी किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी तर विचारल्याशिवाय सुरुवातच करू नये.

महापालिकेला एक कळकळीची विनंती. उद्यानांतल्या ओपन जिममधली कंबर फिरवायची गोल तबकडी तोल गेलेल्या माणसासाठी धोक्याची आहे. तिच्या शेजारी ९० सेंटिमीटर उंचीचा, जमिनीत पक्का रोवलेला एक लांब कठडा उभारावा, पायाखाली न घसरणारी फरशी असावी. कठड्याला धरून आडवी पावले टाकणे आणि वर सांगितलेले सगळे व्यायाम तिथे करता येतील. ठाणे आणि नवी मुंबईतल्या ज्येष्ठ नागरिक संघांनी आपापल्या प्रभागात ही मागणी लावून धरावी.

ज्येष्ठांसाठी काम करणारे फिजिओथेरपिस्ट, ठाणे