डबल्सवाल्यांची करिअर पण करिअरच असते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

१ नोव्हेंबर २०२५ ला रोहन बोपण्णाने टेनिस सोडल्याचं जाहीर केलं, बातमी सगळीकडे आली, तुमच्याकडेही आली, पण "४३व्या वर्षी ग्रँड स्लॅम जिंकणारा" एवढ्यावर विषय संपला. ही करिअर नक्की कशी घडली, डबल्सवर पोट भरणारा माणूस नक्की काय करतो हे मराठीत कुठेच नीट वाचायला मिळत नाही म्हणून हे पत्र.

बोपण्णाचं सिंगल्समधलं बेस्ट रँकिंग २१३. तिथून तो डबल्सकडे वळला, २०१० मध्ये पाकिस्तानच्या ऐसाम उल हक कुरेशीबरोबर यूएस ओपनच्या फायनलला गेला आणि ब्रायन बंधूंकडून दोन टायब्रेकमध्ये (६-६ झाल्यावर सेट ठरवणारा शेवटचा छोटा गेम) हरला. पुरुष डबल्सची पुढची ग्रँड स्लॅम फायनल त्याला थेट २०२३ मध्ये मिळाली, तीही हरला. मधे १३ वर्षं गेली हो! नुसतं थांबणं नव्हतं ते, मधल्या काळात भूपती, मर्जिया, क्युव्हास, शापोवालोव्ह, मिडलकूप असे किती पार्टनर झाले, २०१७ ला डॅब्रोव्हस्कीबरोबर फ्रेंच ओपनचं मिक्स्ड डबल्स जिंकलं, २०१६ ला रिओ ऑलिम्पिकमध्ये सानियाबरोबर ब्राँझची मॅच हरून चौथा आला. आणि मग जानेवारी २०२४ ला मेलबर्नमध्ये, ऑस्ट्रेलियन ओपनला, एब्डनबरोबर फायनल, समोर बोलेली आणि वावासोरी, ७-६, ७-५, आणि त्याच स्पर्धेच्या जोरावर डबल्सचा वर्ल्ड नंबर वन. त्याच्या आधी सगळ्यात उशिरा पहिल्यांदा नंबर वन झालेला राजीव राम होता, तोही ३८व्या वर्षी.

ट्रॉफी घेताना कोर्टवरच तो म्हणाला की दोन वर्षांपूर्वी मी बायकोला व्हिडिओ मेसेज पाठवला होता की आता बास, कारण पाच महिने मी मॅचच जिंकत नव्हतो. गुडघ्यातलं कार्टिलेज झिजलेलं, आणि त्याला सावरलं ते अय्यंगार योगाने, हे त्यानेच वेळोवेळी सांगितलंय. बी. के. एस. अय्यंगारांनी अनेक वर्षं जिथे शिकवलं ती संस्था आपल्या पुण्यात आहे, मग निदान या धाग्यावर तरी एखादा लेख यायला हवा होता असं मला मनापासून वाटतं.

आता पैशाचं बघा. त्याच २०२४ च्या ऑस्ट्रेलियन ओपनला सिंगल्सच्या विजेत्याला ३१.५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर होते आणि डबल्सच्या जोडीला ७.३ लाख, म्हणजे वाटून एकाला ३.६५ लाख. ग्रँड स्लॅम जिंकणाऱ्याची ही कथा, मग ऐंशी-नव्वद नंबरवाल्याचं काय होत असेल, त्याला विमान, हॉटेल, फिजिओ, कोच सगळं यातूनच भागवायचं असतं. शिवाय स्पर्धेच्या ड्रॉमध्ये (खेळणाऱ्या जोड्यांच्या यादीत) जागा दोघांच्या रँकिंगची बेरीज करून मिळते, त्यामुळे पार्टनरचा खांदा दुखावला की तुमचा पण आठवडा गेला, पार्टनरने दुसरा कोणी पकडला की तुम्ही परत फोनाफोनी करत बसायचं. आणि सिंगल्सवाल्यांना त्यांच्या सिंगल्सच्या रँकवरही डबल्समध्ये एन्ट्री मिळते, उलट्या बाजूने असं काही नाही.

खेळ पण वेगळाच आहे. टूरवर ४०-४० झालं की एकाच पॉइंटवर गेम, रिटर्न कोणी घ्यायचा ते रिटर्न करणारी जोडी ठरवते, तिसऱ्या सेटऐवजी दहा पॉइंटचा टायब्रेक. म्हणजे दीड तासाची मेहनत चार-पाच पॉइंटवर ठरते. नेटवरचा खेळाडू पाठीमागे बोटांनी खुणा करतो, क्रॉस करायचं की जागेवर राहायचं हे सर्व्हच्या आधीच ठरलेलं असतं, हे एकदा कळलं की मॅच बघायची मजाच बदलते. कोणीतरी हे वाचकाला समजावून सांगायला पाहिजे ना!

आणि ज्यांना वाटतं की सिंगल्समध्ये जमलं नाही ते डबल्स खेळतात, त्यांनी २०२५ च्या यूएस ओपनचं मिक्स्ड आठवावं. मोठे स्टार यावेत म्हणून ते मेन ड्रॉच्या आधीच्या आठवड्यात नेलं, १६ जोड्या, १० लाख डॉलर बक्षीस, बहुतेक जागा सिंगल्सच्या नावांना. आणि जिंकलं कोण? सारा एरानी आणि आंद्रेआ वावासोरी, वाइल्ड कार्डवर, म्हणजे आयोजकांच्या खास आमंत्रणावर, आत आलेली खरी डबल्सची जोडी, फायनलला श्वियाँतेक आणि रूडला हरवून. मला त्या दिवशी प्रचंड आनंद झाला.

आपल्याकडे पण हे खेळाडू आहेत. ऋतुजा भोसले बोपण्णाबरोबर हांगझोऊ एशियन गेम्समध्ये पहिला सेट २-६ हरूनही गोल्ड घेऊन आली. पुण्याचा अर्जुन कढे ऑक्टोबर २०२४ ला ऋत्विक बोल्लीपल्लीबरोबर अल्माटीला एटीपी (पुरुषांची मुख्य जागतिक टूर) टायटल जिंकला, फायनलचा टायब्रेक १४-१२ पर्यंत गेला होता. माझ्या ओळखीतल्या टेनिस खेळणाऱ्या मुलांना पण हे माहीत नव्हतं, आणि त्यात मुलांची चूक नाही. बालेवाडीतली एटीपी स्पर्धा, जिथे बोपण्णा २०१९ ला दिविज शरणबरोबर आणि २०२२ ला रामकुमारबरोबर जिंकला, ती २०२३ नंतर पुण्यातून गेली, त्यामुळे डोळ्यासमोर असं टेनिस बघायला मिळणं पण कमी झालंय.

तर विनंती एवढीच की ग्रँड स्लॅमच्या दिवसात रोजच्या निकालात भारतीय डबल्सवाल्यांचा स्कोअर पार्टनरच्या नावासकट द्या, आणि कढे, ऋतुजा यांच्या मोठ्या मुलाखती घ्या, त्यात त्यांना वर्षाचा खर्च, पार्टनर कसा शोधतात, कोणत्या आठवड्यात कुठली स्पर्धा का निवडतात हे विचारा. इथे पुण्यात चॅलेंजर (एटीपीच्या खालच्या पातळीची स्पर्धा) होते तेव्हा एक वार्ताहर डबल्सच्या कोर्टवर पण पाठवा.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे