दोर आडवा धरून गाणं मागणारे लोक

संपादक साहेब, चीनच्या लोकगीतांवर आपल्याकडे फारसं छापून येत नाही म्हणून लिहितेय. गान्सू, चिंगहाय, निंगशिया भागात ह्वा-अर नावाची गाणी आहेत, हान, हुई, सालार, तिबेटी असे वेगवेगळे लोक ती गातात, एकदम वरच्या पट्टीत आणि शब्द बऱ्याचदा तिथल्या तिथे जुळवून. प्रेमाची गाणी घरात मोठ्यांसमोर नाही म्हणत, ती डोंगरावर नि शेतातच. लियानह्वा डोंगराच्या जत्रेत तर रस्त्यात दोर आडवा धरतात, गाण्याला गाण्यानं उत्तर दिलं की मगच पुढे सोडतात, काय भारी प्रथा आहे! २००९ मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव आलं ते चांगलंच झालं, पण नुसतं स्टेजवर पाठ करून म्हटलं तर त्यातली मजाच जाते, समोरून उत्तर यायलाच हवं. रविवारच्या पुरवणीत यावर सविस्तर लेख द्या ना प्लीज.

– एक वाचक, सांगली