कंट्रोल रूममधल्यांचंही छापा की

संपादक महोदय, स.न.वि.वि.

२०२५ च्या जूनमध्ये शुभांशु शुक्ला अंतराळ स्थानकात गेले तेव्हापासून आमच्या घरात गगनयानची एकही बातमी सुटत नाही, पण सगळं जाणाऱ्यांबद्दलच असतं, खाली हेडफोन लावून बसणाऱ्यांबद्दल फार काही येत नाही म्हणून लिहितोय.

माझे वडील इथंच सोलापूर डिव्हिजनला रेल्वेत सेक्शन कंट्रोलर होते. समोर मोठा चार्ट, स्टेशनमास्तर टायमिंग सांगेल तशी पेन्सिलीनं एकेका गाडीची रेघ पुढं न्यायची, कुठली गाडी थांबवायची कुठली आधी काढायची ते ठरवायचं, आणि हे सगळं एकही गाडी डोळ्यानं न बघता! त्यामुळे ती खोली काय असते ते मला लगेच कळतं.

१४ नोव्हेंबर १९६९ ला नासाचं चंद्रावर जाणारं अपोलो १२ उडालं आणि पहिल्या मिनिटातच त्याच्यावर दोनदा वीज पडली. यानाला वीज देणारे फ्युएल सेल सुटले, यानात धोक्याचे दिवेच दिवे, ह्यूस्टनच्या कंट्रोल रूममधल्या स्क्रीनवर आकडे वेडेवाकडे. यानाच्या विजेचं कन्सोल सांभाळायला होता जॉन एरन, वय २६. साधारण वर्षभर आधी एका टेस्टमध्ये असेच आकडे दिसले होते आणि ते कशामुळे आले हे त्यानं तेव्हाच खोदून काढलं होतं, कुणी सांगितलं नव्हतं तरी. तो म्हणाला, एससीई ऑक्सवर टाका, म्हणजे यानातले आकडे खाली पाठवण्याजोगे करणारं यंत्र पर्यायी विजेवर न्या. कंट्रोल रूमच्या प्रमुखाला, म्हणजे फ्लाइट डायरेक्टरला, हे बटण माहीत नाही, यानातल्या कमांडर कॉनरॅडना पण नाही, त्यांच्यासोबतच्या ॲलन बीनना मात्र ते कुठंय ते माहीत होतं. त्यांनी टाकलं, आकडे परत आले, आणि ते लोक चंद्रावर उतरून सुखरूप घरी आले.

अजून एक, यानाशी बोलतो एकच जण, कॅपकॉम, आणि अपोलोच्या काळात तो स्वतः अंतराळवीर असायचा. बाकीचे फ्लाइट डायरेक्टरला सांगतात. सगळेच एकदम बोलायला लागले तर वरच्यानं ऐकायचं कुणाचं?

माझी मुलगी नववीत आहे, चष्मा लागला तर म्हणाली आता माझं अंतराळ संपलं. तिला मी हे सगळं सांगितलं, पण बापाचं किती ऐकणार. इस्रोचं इस्ट्रॅक, म्हणजे यानांवर लक्ष ठेवणारं आणि त्यांच्याशी संपर्क ठेवणारं केंद्र, बंगळुरूत आहे, आपल्या इथून उद्यान एक्सप्रेसनं जाता येतं. तिथं कन्सोलवर कोण बसतं, काय शिकून बसतं, ट्रेनिंग कसं असतं, यावर रविवारच्या पुरवणीत एक पान द्या ही विनंती.

एक वाचक,
रेल्वे लाईन्स, सोलापूर