टायटनचं धुरकं आणि बाबांचा प्रश्न

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

मी अगदी मजेत आहे. जेवणाखाण्याचं आणि थंडीचं आई फोनवर विचारतेच, म्हणून इथे आधी बाबांना उत्तर देते.

बाबा, कॅसिनी यान १५ सप्टेंबर २०१७ला शनीच्या वातावरणात जळून गेलं, हे तुम्ही वाचलंत ते बरोबर आहे. पण ‘मग आता तुझ्या नोकरीचं काय?’ असं विचारलंत, तर ती धोक्यात नाही. तेरा वर्षांत त्याने शनीच्या टायटन या चंद्राचं जे टिपून ठेवलंय, त्याचा अभ्यास अजून संपलेला नाही. ऊन लागून मिथेन-नायट्रोजनचे रेणू फुटतात, त्यातून तिथे नारिंगी धुरकं बनतं. ते इतकं दाट, की व्हॉयेजर-१ यानाला १९८०मध्ये जमीन दिसलीच नाही. कॅसिनीने अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड प्रकाशातून ती पाहिली.

इथली एक रीत मात्र मला किती दिवस उमगत नव्हती. फोटो कधीचा म्हणून विचारलं की ही माणसं साल सांगत नाहीत, अंश सांगतात! शनीची सूर्याभोवतीची फेरी साडेएकोणतीस वर्षांची, तिचे ३६० अंश. उत्तरेचा वसंत लागतो तो शून्य, म्हणजे ऑगस्ट २००९. उन्हाळा नव्वदला, मे २०१७मध्ये. एकेक ऋतू सात-सात वर्षांचा. टायटनवरचे ढगही या ऋतूंप्रमाणे सरकतात: २००४मध्ये दक्षिण ध्रुवापाशी होते, २०१०मध्ये विषुववृत्तावर बाणासारखा ढग आला आणि त्याच्या मागे जमीन काळवंडली. मिथेनचा पाऊस पडला होता, आई!

धुरक्याच्या वर एक सुटा, पातळ थर असतो. माझं काम त्याच्यावरच. व्हॉयेजरांना तो साधारण ३५० किमीवर दिसला, कॅसिनीला सुरुवातीला ५००वर. सगळे बुचकळ्यात. मग विषुवदिन, म्हणजे तोच शून्य अंश, आला आणि थर ३८०पर्यंत उतरला. अंश लावून पाहिलं तर व्हॉयेजर यानंही त्याच ऋतूत गेली होती! २०१२मध्ये थर नाहीसा झाला, २०१६ला परत आला. असं का, हे मला शोधायचंय. म्हणून इथे आहे, तुम्हाला सोडून राहायची हौस म्हणून नाही.

टायटनवर जाणारं पुढचं यान, ड्रॅगनफ्लाय, २०३४मध्ये पोहोचेल. तोवर मी इथेच राहणार असा अर्थ काढू नका.

मी पैसे पाठवले आहेत. हप्ता त्यातूनच भरा, माझ्या नावाने बाजूला ठेवू नका. दादाच्या लग्नाची तारीख माझ्या सुट्टीसाठी अडवू नका. मी येईनच, थोडे दिवस का होईना. तयारीचं सगळं आईवर पडणार, ते मला कळतंय. माझ्या स्थळाचं त्यानंतर बोलू. पत्रिका पाठवायला हरकत नाही, फक्त कुणाला शब्द देऊ नका.

तुमची,
लेक