हेडफोनमध्ये आवाज दोनदा येतो?

महोदय,
मी घरीच पुस्तकवाचन रेकॉर्ड करते. या कामात नव्याने येणारे बरेच जण ‘हेडफोनमध्ये माझाच आवाज दोनदा येतो’ म्हणून वैतागतात आणि थेट नवा ऑडिओ इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारी पेटी) घ्यायला निघतात. कृपा करून थांबा! बहुतेकदा डायरेक्ट मॉनिटरिंग (माइकचा आवाज इंटरफेसमधूनच थेट हेडफोनमध्ये) आणि सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग (तोच आवाज संगणकातून फिरून, जरा उशिरा), दोन्ही चालू राहिलेली असतात. सॉफ्टवेअरमधलं बंद करा, आवाज एकच येईल. सॉफ्टवेअरमधल्या इफेक्टसह (घुमारा वगैरे) ऐकायचंच असेल, तर ते चालू आणि डायरेक्ट बंद ठेवून बफर (संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) कमी करा. ४८,००० सॅम्पल रेटला (सेकंदाला आवाजाचे इतके नमुने) १,०२४ नमुन्यांचा बफर म्हणजे एका टप्प्यातच (आवाज संगणकात जाताना किंवा बाहेर येताना) सुमारे २१ मिलिसेकंद उशीर. १२८ वर तो तीनच्या आत. (कडकड आवाज येऊ लागला, तर २५६ करा.) एवढ्याशा बटणापायी नवशिक्यांचा हिरमोड होतो, याचं फार वाईट वाटतं. उत्पादकांनी ही माहिती खोक्यातल्या कागदावर ठळक छापावी, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक