पुस्तक मिटणाऱ्या दादास

प्रिय दादा,

फोनवर आभार मानायला गेलो की तू "बरं बरं, तिकडं पाऊस हाय का?" म्हणून विषय बदलतोस. परवा निकाल सांगितला तेव्हाही तेच केलंस. म्हणून आता चारचौघांत लिहायलोय. इथं तुला विषय बदलता यायचा नाही.

मृदाशास्त्राचा बॅक, म्हणजे नापास होऊन राहिलेला पेपर, निघाला. घरी तो लागल्याचंच सांगितलं नव्हतं, त्यामुळं निघाल्याचा आनंद सांगायला तुझ्याशिवाय कुणी नव्हतं. पोर्टल उघडून नाव पाहिलं आणि जिन्यात बसून रडलो. हे तुला फोनवर बोललो नाही.

तुझ्या खोलीत येण्याआधीचं वर्ष तुला अर्धंच माहीत आहे. तीन लोखंडी खाटा, एक टेबल, एक प्लग पॉइंट आणि त्यावर लटकलेले चार चार्जर. दर दोन दिवसांआड रात्री बाराला कुणाचा तरी वाढदिवस, केक भिंतीला. उरलेल्या रात्री मोबाइलवरची गेम आणि "मार, मार, मागं हाय" असा आरडाओरडा. खोली बदलून द्या म्हणून रेक्टरसाहेबांकडे तीनदा गेलो. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, "शिकायचं असलं की माणूस कुठंबी शिकतो. आम्ही कंदिलाखाली शिकलो." त्यांच्या कंदिलाला ब्लूटूथ स्पीकर जोडलेला नव्हता, एवढंच त्यांच्या ध्यानात आलं नसावं. पुढं एक पाहुणे वक्ते आले, पहाटे चारला उठा म्हणून टाळ्या घेऊन गेले. मी नऊ दिवस उठलो आणि दहाव्या दिवशी प्रॅक्टिकलला मातीच्या नमुन्यासमोर बसल्या बसल्या झोपलो. वर्गशिक्षकांनी सांगितलं, अभ्यास मन लावून कर. कर, कर, कर. कसा करायचा, हे एकानंही सांगितलं नाही. त्यांनाही कुणी सांगितलं नसेल म्हणा.

दुसऱ्या वर्षी यादीत तुझ्या खोलीचा नंबर आला तेव्हा पोटात गोळा आला होता. सीनियर म्हणजे सर, ही आपल्या हॉस्टेलची रीत. मी "नमस्कार सर" म्हणून दारातच उभा राहिलो. तू बादलीत चादर पिळत होतास. म्हणालास, "सर तिकडं कॉलेजात. इथं दादा म्हण, आन् ही चादर खिडकीला बांधू लाग." बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस, पंखा गरम हवा फेकायचा, आणि त्या ओल्या चादरीमागं बसून दुपारी दोन तास वाचता यायचं.

तुझे बाकीचे नियम थोडक्यातच लिहितो. खाटेवर पुस्तक घ्यायचं नाही, खाट झोपायला आहे. दोघांचे मोबाइल पत्र्याच्या पेट्यांत, माझी किल्ली तुझ्याकडं, तुझी माझ्याकडं. अकराला दिवा बंद, उद्या पेपर असला तरी. हे सगळं कामाला आलं, पण पोटात राहिलं ते वेगळंच.

पहिल्या आठवड्यातली गोष्ट. मी पिवळ्या स्केचपेननं ओळी रंगवत बसलो होतो. पान इतकं पिवळं झालं होतं की न रंगवलेल्या ओळीच उठून दिसत होत्या. तू मागून आलास. काही बोलला नाहीस. शर्टाच्या खिशातून एसटीचं तिकीट काढलंस, नांदेड ते किनवट, पानात घातलंस आणि पुस्तक मिटलंस. ओढून घेतलं नाहीस, आपटलं नाहीस. झोपलेल्या लेकराचं दार लोटावं तसं मिटलंस. आणि समोरच्या खाटेवर मांडी घालून बसलास. "आता सांग. तुझ्या बापाच्या रानात उन्हाळ्यात भेगा का पडत्यात?"

मला सांगता येईना. पाचच मिनिटांपूर्वी त्या ओळी रंगवल्या होत्या. आमच्या गेवराईकडच्या रानात त्या भेगांत माझा पाय अडकून मुरगळलाय, तरी सांगता येईना. तू हसला नाहीस. "मंग आजचं वाचन इथंच थांबलं. जेवाय चल."

मेसमध्ये मावशींनी पोळ्यांची चवड ठेवली होती. तिच्याकडं बघता बघता मला सुचलं. आपल्या काळ्या मातीतलं मॉन्टमोरिलोनाइट हे चिकणमातीचं खनिज म्हणजे पुरणपोळ्यांची चवड. वर-खाली सिलिकाचा पापुद्रा, मध्ये ॲल्युमिनाचं पुरण. एका पोळीत दोन पापुद्रे आणि एक पुरण, म्हणून दोनास एक. पोळी पोळीला घट्ट चिकटलेली नसते, म्हणून दोन पोळ्यांच्या मध्ये पाणी शिरतं आणि चवड फुगते. पाणी गेलं की चवड बसते, रान आक्रसतं आणि फाटतं. केओलिनाइट या दुसऱ्या खनिजाच्या पोळ्या एकमेकींना धरून असतात, म्हणून ती माती अशी फुगत नाही. तू घास हातात तसाच धरून ऐकत होतास. कृषीचं शेवटचं वर्ष करणारा माणूस, तुला हे आधीच येत होतं. तरी ऐकलंस, आणि मध्येच "पन पोळी पोळीला धरती कशानं?" असं विचारून मला परत अडकवलंस.

मग रोज तेच. तिकीट, पुस्तक मिटायचं, "आता सांग". किती पानं झाली हे तू कधी विचारलं नाहीस. आज काय आलं नाही, एवढंच विचारायचास.

मागच्या महिन्यात वाचनात आलं. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली हाच प्रयोग छापलाय. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारेच पुढं. आठवड्यानं विचारलं तर त्यांना ४२ टक्के आठवत होतं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ५६. पहिलं वर्ष माझं तिथंच गेलं होतं, त्या पाच मिनिटांत. रात्री सगळं येतंय असं वाटायचं आणि पेपरात कोरं. तू तो प्रयोग वाचला होतास का, विचारलं तर म्हणालास, "न्हाई बा. माझी आजी अशीच गोष्ट परत सांगाय लावायची."

आता जे सलतंय ते. ते वर्ष तुझं स्वतःचं परीक्षेचं होतं. कृषी सेवेची तयारी, उशाला पुस्तकांचा ढीग, आणि तू रोज संध्याकाळचा अर्धा-पाऊण तास एका बॅकवाल्या पोरावर घालवलास. तुझी यादी लागली तेव्हा तुझं नाव थोडक्यात हुकलं. मी हिशेब केला, दादा. वर्षाचे दोनशे तास तरी होतात. तुला हे बोललो तर तू शिवी देशील, म्हणून बोललो नाही. लिहून ठेवतो.

चांगली माणसं आपल्याकडं कमी नाहीत. स्टँडवर पाण्याची बाटली पुढं करणारी, गाडीत सरकून जागा देणारी. पण ती जागा देतात आणि खिडकीबाहेर बघायला लागतात. समोर मांडी घालून बसणारा, माझं अडखळणं संपेपर्यंत हलायचं नाही असं ठरवून बसणारा मला तरी एकच भेटला. पगार घेऊन ज्यांनी हे करायचं होतं, त्यांच्याविषयी वर लिहिलंच आहे.

तिकीट अजून पुस्तकात आहे. छपाई उडाली, नुसता पांढरा कागद राहिला. किनवट मला माहीत आहे म्हणून दिसतं.

आणि एक राहिलंय. खोली सोडायच्या दिवशी सतरंजी बांधता बांधता तू विचारलं होतंस: मिरगाचा पहिला पाऊस काळं रान गटागटा पितं, आणि दोन-चार दिवस झोडपलं की त्याच रानात पाणी तुंबतं, असं का? मला आलं नव्हतं. तू म्हणालास, "ऱ्हाऊ दे, पुढं कधी सांग."

सांगतो. पहिलं पाणी माती पीतच नसते. ते भेगांतून सरळ खाली उतरतं. मग कडेची माती फुगायला लागते, भेगा मिटतात, आणि मिटल्यावर ती चिकणमाती इतकी गच्च होते की पाणी तिच्यातून अगदी हळू झिरपतं. वरचं पाणी वरच राहतं.

पुस्तक न उघडता लिहिलंय. चुकलं असलं तर फोन कर.

तुझा,
खिडकीकडच्या खाटेवरचा